अनोळखी माणसाला लिहिताना भाषा नीट का लागते?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांत ऑगस्ट उजाडला की मुलींची एकच धांदल उडते. कोणत्या ‘सोरोरिटी’त प्रवेश मिळणार? सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं भगिनीमंडळ. नाव ग्रीक अक्षरांचं, सभासदत्व जन्मभराचं. निवडीच्या दिवसांना ‘रश’ म्हणतात. जिची आई-मावशी तिथली जुनी सभासद, तिला सगळं घरातच कळतं. जिचं कुणीच नाही, ती इंटरनेटवर अनोळखी बायकांना विचारते. आणि प्रश्न घाईघाईत, अर्धवट शब्दांत लिहिला, तर उत्तराआधी व्याकरणावरून बोलणी खाते.

मंडळी, हे नखरे वाटतील. पण यामागे इतिहास आहे.

जॉर्जियातल्या मेकन गावी वेस्लियन फीमेल कॉलेजात १८५१ साली अ‍ॅडेल्फियन सोसायटी निघाली. तीच पुढे ‘अल्फा डेल्टा पाय’ झाली. सुरुवातीला ते साहित्य मंडळ होतं. त्या काळच्या अशा मंडळांत निबंध वाचायचे, वाद घालायचे आणि चुका दाखवायला खास टीकाकार नेमलेला असायचा. बाईला शिक्षण कशाला, असं विचारणाऱ्या जगात स्वच्छ लिहिता-बोलता येणं हेच या मुलींचं उत्तर होतं.

पुढे मंडळं वाढली, १९०२ मध्ये त्यांची राष्ट्रीय परिषद झाली. आणि जुन्या सभासदाचं शिफारसपत्र आणण्याची रीत पक्की झाली. म्हणजे भाषा राहिली, पण ओळख वरचढ झाली.

ओळखीच्याही वर काय होतं, ते अलाबामा विद्यापीठात २०१३ साली दिसलं. एका कृष्णवर्णीय मुलीला गुण उत्तम, घर प्रतिष्ठित, कागदोपत्री खोट काढायला जागा नाही. तरी तिला नाकारलं. जुन्या सभासदांनी आडकाठी केली, हे विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने छापलं. गदारोळ झाला, मग दारं थोडी उघडली. अलीकडे अनेक सोरोरिटींनी शिफारसपत्राची अटही काढली आहे.

आता आपल्याकडचं एक पत्र आठवा. गोपाळराव जोश्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र अमेरिकेला लिहिलं. ते मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आलं आणि १८८० मध्ये न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. ना ओळख, ना पाळख. तरी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार जुळला, पुढे त्यांच्याच घराचं दार उघडलं. १८८३ मध्ये आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजला स्वतः इंग्रजीत अर्ज लिहिला. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला शिकायचंय, हे त्यात स्पष्ट मांडलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. अर्ज वाचणाऱ्यांपुढे त्यांची बाजू मांडली ती त्यांच्याच शब्दांनी.

मी तालुक्याचा पत्रकार. रोज निवेदनं वाचतो. नाव, गाव, तारीख आणि नेमकी मागणी असलेलं निवेदन पटकन बातमी होतं. नुसता संताप ओतलेलं बाजूला पडतं, मग त्यातलं दुःख कितीही खरं असो. म्हणून वशिला नसलेल्या मुलांना मी सांगतो: पूर्ण वाक्यं लिहा, काय हवंय ते आधी सांगा, नावं अचूक लिहा, एकदा मोठ्याने वाचा, मगच पाठवा. वशिला दुसऱ्याच्या हातात असतो, भाषा आपल्या.

पण वाचणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसून आपण शुद्ध भाषा जपत नाही, फक्त दारावर आणखी एक कडी घालतो. चूक दाखवायची तर आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या. चूक नंतरही सुधारता येते. परत गेलेली पोर पुन्हा विचारायला येत नाही.