मावळ्याला परवाना कोणी दिला?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात दर वर्षी एक किल्ला उभा राहतो. विटांचे तुकडे, जुनी पोती, ओढ्याकाठची माती आणि वर पेरलेले हळीव, एवढ्या भांडवलावर आमचे पुतणे स्वराज्य स्थापन करतात. यंदाही किल्ला झाला. महाराज सिंहासनावर बसले, मावळे बुरुजांवर चढले. दिंडी दरवाजाशी, कोणत्या शतकातून आले ते कळत नाही असे, बंदूकधारी शिपाई उभे राहिले. किल्लेदार स्वतः कमरेला टिकल्यांचे पिस्तूल लावून फिरत होते. त्यांचे वय वर्षे दहा.

आमचे थोरले बंधू ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. ते गंभीर चेहरा करून म्हणाले, "अरे, निवडणूक आली म्हणजे ते पिस्तूल ठाण्यात जमा करावे लागेल हं! पाटलांच्या बंदुकीसारखे."

आमच्या गावात पाटलांच्या घरी एक जुनी बंदूक आहे. भुईमुगात रानडुकरे शिरू लागली की तिची आठवण होते, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलिस ठाण्यात मुक्कामाला जाते. सारे हसले, पण किल्लेदार हसले नाहीत. त्यांनी बुरुजावरच्या मावळ्याकडे पाहिले आणि मला विचारले, "काका, मावळ्यांना परवाना कोण द्यायचं?"

वीस वर्षे मुलांना इतिहास शिकवीत आलो, पण हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. "जेवायला चल" असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न पानावरही पाठ सोडीना. त्या मुलाला द्यायचे उत्तर वाचकांपुढे मांडतो. कारण तो प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

मावळ्याला कागदाचा परवाना लागत नव्हता, हे खरे. परंतु हत्यार बाळगणारा माणूस मोकाट होता असे मात्र नव्हे. आपल्या जुन्या गावगाड्यात रात्रीचा पहारा रामोशाकडे असे. गावात चोरी झाली तर चोराचा माग त्याने काढायचा. माग शिवेपलीकडे गेला तर पुढच्या गावच्या रामोशाने तो उचलायचा; आणि माग आपल्याच शिवेत बुडाला तर भरपाईची जबाबदारी अंगावर घ्यायची. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, जुलूमही होता. पण तिच्यात एक शहाणपण होते. ज्याच्या हाती हत्यार, त्याच्याच गळ्यात उत्तरदायित्व! चोरी झाली तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे गावातल्या म्हातारीलाही ठाऊक असे.

इंग्रजी अमलात ही घडी विसकटली. पहारा नव्या पोलिसांकडे गेला आणि रामोशाची उपजीविका बसली. पुढे १८५७ साल उजाडले. त्या वणव्याने भाजून निघालेल्या सरकारला प्रजेच्या हातातली प्रत्येक काठी तलवारीसारखी दिसू लागली. हत्यारे काढून घेण्याचे कायदे तेव्हापासूनच सुरू झाले. पण त्या धोरणाला पक्का आकार आला तो लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत. १८७८ च्या मार्च महिन्यात त्याच्या सरकारने लागोपाठ दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले. दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातले हत्यार परवान्यावाचून गुन्हा ठरविले. एका आठवड्यात तोंड आणि हात दोन्ही बांधले!

त्यातही खरी मेख होती ती सवलतीत. युरोपियन माणसाला परवान्याची अट नव्हती. काही पदवीधारी, मानकरी आणि कोडगूसारख्या प्रांतातले लोक यांनाही सूट होती. बाकीच्या रयतेने मात्र अर्ज करायचा. लिटनला सुरक्षितता हवी होती, पण ती शेतकऱ्याची नव्हे. डुक्कर पीक खाईल, वाघ गुरे मारील, दरोडेखोर घर लुटील. या भयांचा विचार त्या कायद्याच्या मागे नव्हताच. सरकारला भय होते रयतेचे. कायदा वाचून राज्यकर्त्याला कोणाची भीती वाटते ते ओळखावे, हा धडा इतिहासाच्या पुस्तकात छापलेला नसतो. पण तो शिकण्यासारखा आहे.

कायद्याने भीती गेली का? वर्ष उलटायच्या आत उत्तर मिळाले. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनची हाडे उघडी पडली होती. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातले एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी गोळा करून बंड उभारले. ज्यांच्या बापजाद्यांनी गावे राखली, तेच आता दरोडे घालू लागले! परवान्याच्या कायद्याने त्यांच्या पोटातली आग विझणार नव्हती. जुलैत फडके पकडले गेले, एडनला पाठविले गेले आणि १८८३ च्या फेब्रुवारीत तिकडेच त्यांचा अंत झाला. सरकारने बंड मोडले, पण कायद्याचा अर्थ मात्र सरकारला उमगला नाही.

पुढे पुण्यात प्लेग आला. रोगाच्या बंदोबस्तासाठी, म्हणजे लोकांच्याच सुरक्षिततेसाठी, गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघरे आणि माजघरे तुडविली गेली. गाऱ्हाणे न्यावे कोणाकडे? २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेब आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तेव्हाच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना पुढल्या वर्षी फाशी झाली. परंतु तोवर सगळ्या शहरावर जादा पोलिस बसविले गेले होते. ज्याने केले त्याला शासन, हा न्याय. गल्लीतल्या साऱ्यांना शासन, हा सुड!

बारा वर्षांनी नाशिकला पुन्हा तेच घडले. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग, आणि निरोपाच्या पाहुण्या जॅक्सनसाहेबांवर अनंत कान्हेरे या तरुणाने झाडलेल्या गोळ्या. ते ब्राउनिंग पिस्तूल समुद्रापलीकडून, विलायतेहून आले होते. शेतकऱ्याच्या खांद्यावरची ठासणीची बंदूक अडविणाऱ्या कायद्याला पेटीच्या चोरतळातून आलेली पिस्तुले अडविता आली नाहीत. जॅक्सन संस्कृताचा व्यासंगी होता; कान्हेरे अठरा-एकोणीस वर्षांचा पोर. दोघांचीही आठवण झाली की मन कष्टी होते.

राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. गंमत पाहा, अहिंसेचे उपासक महात्माजीदेखील या बाबतीत मागे नव्हते. सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, असा त्यांचा अभिप्राय होता. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. हत्याराची हौस हे त्याचे कारण नव्हते. आमच्यावर अविश्वास का, हा त्यामागचा सवाल होता.

मग स्वराज्य आले. आणि ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी, त्याच महात्माजींच्या छातीत बेरेटा पिस्तुलाच्या तीन गोळ्या शिरल्या. पिस्तूल ग्वाल्हेरात मिळविलेले. झाडणारा पुण्याचा एक संपादक. त्या गोळ्यांचे पडसाद महाराष्ट्रात गावोगाव उमटले. ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांची घरे जळाली. एका हातातली तीन काडतुसे किती घरांपर्यंत पोहोचतात, हे त्या आठवड्याने दाखविले.

त्याच वर्षी, डिसेंबरच्या आरंभी, घटना समितीत हरि विष्णु कामथ उठले. शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घाला, अशी त्यांची सूचना होती. कराचीचा ठराव त्यांच्या पाठीशी होता. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : परक्या राज्यात ही मागणी करणे समजण्यासारखे होते, परंतु आता परिस्थिती पालटली आहे. कोणीही उठावे, बाजारात जावे आणि हवे ते मारक हत्यार विकत घ्यावे, अशा रीतीने राज्यकारभार चालणे शक्य नाही. सूचना फेटाळली गेली. आपल्या घटनेत एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि विनाशस्त्र.

वरवर पाहता बाबासाहेबांनी लिटनचीच री ओढली असे कोणाला वाटेल. परंतु दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लिटनने हत्यार काढून घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही. घटनेने हत्याराला अट घातली, पण बदल्यात मत दिले, न्यायालय दिले, बोलण्याचा हक्क दिला. गाऱ्हाणे नेण्यासाठी दार असले तर गणेशखिंडीच्या रस्त्यावर उभे राहावे लागत नाही. हाच तो सौदा. १९५९ चा नवा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने कारण नोंदवावे आणि अर्जदाराला दाद मागता यावी, ही वाट त्यात ठेवली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका असाव्यात असे ठरले. आमच्या पाटलांना त्याचा त्रास नाही. त्यांची एकच चालत नाही!

मात्र सौदा दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. तो कसा ढिला होतो, ते मुंबईने पाहिले. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे हा नामचीन गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्यानंतर आठवड्याने, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. गिरणगावातल्या चुली थंडावल्या आणि त्या चाळींतली काही पोरे टोळ्यांच्या हाती लागली. रामोशाची कहाणी शंभर वर्षांनी पुन्हा घडली. फक्त डोंगराच्या जागी चाळ होती. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत स्वतःच १९९७ च्या १६ जानेवारीला भर दिवसा मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुलशनकुमार यांचा खून झाला. शहर भ्यायले.

भ्यालेल्या शहराला झटपट उपाय आवडतात. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध 'मकोका' आला. पण लोकांच्या तोंडी शब्द होता तो 'एन्काउंटर'. कोणत्या अधिकाऱ्याने किती टिपले याचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगितले जाऊ लागले. आम्हीही चहाच्या कपाबरोबर ते चवीने वाचले. हे कबूल केले पाहिजे. गुंड मेला याचे दुःख कोणाला होणार? परंतु गोळी झाडणाऱ्याला 'का झाडलीस?' असे विचारण्याचे आम्ही सोडून दिले, आणि तेथेच चुकलो. शेवटी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगावे लागले, की चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्याची चौकशी होऊ द्या. जुन्या गावगाड्याचीच ही रीत नव्हे काय? माग तुझ्या शिवेत बुडाला. आता उत्तर दे!

हे लिहिताना डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहतो. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या काळरात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर ते उभे होते. समोरून आलेल्या मोटारीत यमदूताची बंदूक. ओंबळ्यांच्या हाती लाठी. त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि साऱ्या गोळ्या आपल्या देहात घेतल्या, सोडली नाही. त्यामुळे त्यांच्या सोबत्यांचे प्राण वाचले आणि कसाब जिवंत सापडला. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. त्यांना चांगले हत्यार का मिळाले नव्हते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. कौतुकाच्या फुलांखाली तो झाकून ठेवू नये. आणि पुढची गोष्टही विसरू नये. पकडलेल्या त्या कसाबला या देशाने वकील दिला, त्याचा खटला चालविला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचे म्हणणे ऐकले, आणि मगच २०१२ मध्ये फाशी दिली. ओंबळ्यांनी नळी धरून ठेवली म्हणूनच हे घडू शकले.

जेवण झाल्यावर मी पुतण्याला जवळ घेतले आणि म्हटले, "मावळ्याला परवाना रयतेने दिला. आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही त्या परवान्यातली अट."

त्याने थोडा वेळ विचार केला. "आणि अट मोडली तर?"

"तर महाराज विचारायचे."

तो अंगणात पळाला. सायंकाळी पणती ठेवायला गेलो तेव्हा दिंडी दरवाजातले बंदूकवाले शिपाई मागे सरकविलेले दिसले. पुढे हातात काठी घेतलेला एकच मातीचा पहारेकरी उभा होता, तोही सिंहासनाकडे तोंड करून. मी विचारले, "अरे, पहारेकऱ्याने बाहेर पाहायचे असते ना?"

किल्लेदार म्हणाले, "काका, महाराजांनी विचारलं तर त्याला उत्तर द्यायला नको का?"

मी पणती त्याच्या शेजारीच ठेवली.