गंजाचा माग: पाणबुडीच्या प्रतिकृतीवरील डागांचा इतिहास

पारनेर तालुक्यातील सुपा हे पुणे–नगर महामार्गावरचे औद्योगिक गाव समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेले असल्यामुळे तेथील यंत्रांवर आणि पत्र्यांवर काळ आपली खूण ठेवतो ती मुख्यतः धुळीने. धूळ वरून येते आणि आडव्या भागावर साचते. खारे पाणी मात्र सांध्यासांध्यांतून पाझरते आणि उभ्या भागावरून ओघळते. प्रमाणबद्ध प्रतिकृती, म्हणजे मूळ वस्तूची सर्व मापे एकाच गुणोत्तराने घटवून घडवलेली लहान वस्तू, वापरलेली दिसावी म्हणून तिच्यावर मळ, गंज आणि विटलेला रंग चढवण्याची कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. परंतु ती वाढली रणगाड्यांवर, आणि म्हणून तिची पहिली भाषा धुळीची होती.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जियममधील फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी लोकप्रिय केलेल्या रीतींपैकी दोन विशेष रुळल्या: गडद रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत उतरवणे आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांच्या कडा उजळणे. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात मांडलेल्या यंत्रांसारख्या कोनाकोपऱ्यांनी भरलेल्या वस्तूंना त्या शोभतात. पाणबुडीच्या गुळगुळीत, गोलाकार अंगावर त्यांना पकडायला फारसे काही सापडत नाही.

पाणबुडीच्या प्रतिकृतींचा आरंभीचा व्यापार डागांकडे वळलाच नव्हता. रेव्हेल या अमेरिकन कंपनीने १९६१ साली पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुडीचा जो प्लास्टिकचा संच विक्रीस आणला, त्यातील अंतर्भागाची रचना इतकी तपशीलवार होती की तीन डॉलरांहून कमी किमतीत शत्रूला गुपिते मिळत असल्याची तक्रार अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुडी कार्यक्रमाचे प्रमुख ॲडमिरल रिकोव्हर यांनी केली. लक्ष होते ते आतल्या यंत्रणेकडे. बाहेरचे कवच नुकतेच रंगवल्यासारखे कोरे असले तरी कोणाला खटकत नसे. हे बदलण्यास मोठा हातभार लागला तो लोथार-ग्युंथर बुखहाइम यांचा. युद्धवार्ताहर म्हणून १९४१ साली ते यू-९६ या जर्मन पाणबुडीवर होते. त्या अनुभवावरील त्यांची कादंबरी १९७३ साली निघाली, तिच्यावरचा चित्रपट १९८१ साली आला, आणि त्यांच्या छायाचित्रांमुळे अटलांटिकमधून परतणाऱ्या, गंजाने ओघळलेल्या पाणबुड्या कारागिरांच्या डोळ्यांपुढे राहिल्या.

तो गंज केवळ दुर्लक्षाचा नव्हता. सातव्या वर्गाची ती जर्मन पाणबुडी बहुतांश प्रवास पृष्ठभागावरूनच करी. वरून ताशी दहा नॉट वेगाने साडेआठ हजार सागरी मैलांचा तिचा पल्ला पाण्याखाली चार नॉटने ऐंशी मैलांवर येई. तिच्या भक्कम दाबरोधक कवचाभोवतीच्या बाह्य आवरणात पाणी मोकळे शिरे, आणि वर येताना ते आवरणातील भोकांच्या रांगांतून धो-धो बाहेर पडे. म्हणून ओघळ कोठेही काढून चालत नाही; तो भोकाच्या खालच्या ओठापासूनच सुरू व्हावा लागतो. कारागीर तेथे तांबूस तपकिरी तैलरंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवतात, तो किंचित आळू देतात, आणि मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपून घेतलेला चपटा कुंचला एकदाच खाली ओढतात. दुसऱ्यांदा ओढला की ओघळाचा फराटा होतो. पोलादाला गंज धरू नये म्हणून जहाजांना पूर्वी ज्या शिशाच्या तांबड्या भुकटीचे अस्तर देत ती म्हणजे शेंदूर, गावोगावच्या म्हसोबाच्या तांदळ्यावर चढतो तोच; त्यामुळे रंग उडालेल्या जागी दिसणारा प्रत्येक लाल ठिपका गंजाचा असतोच असे नाही, हे अनेक हौशी हात विसरतात.

अटलांटिकचा हा साचा भारतीय पाणबुड्यांवर जसाच्या तसा उतरवणे मात्र चुकीचे ठरते. जर्मन आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. तिची सुमारे ६४ मीटर लांबी १:३५० प्रमाणात जेमतेम १८ सेंटिमीटर भरते, आणि एवढ्याशा अंगावर हातभर अंतरावरूनही दिसेल असा ओघळ काढला तर मूळ पाणबुडीवर तो जवळजवळ वीतभर रुंद असायला हवा. रशियन बनावटीच्या ‘सिंधुघोष’ वर्गाची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण ध्वनी शोषून घेण्यासाठी तिच्या अंगावर रबरी फरश्या चिकटवलेल्या असतात. रबर गंजत नाही. तिचे वय दाखवायचे तर फरशी सुटून उरलेला काटेकोर चौकोन कोरावा लागतो, आणि त्याची छटा आजूबाजूच्या काळ्या रंगाहून किंचितच वेगळी ठेवावी लागते.