‘चले जाव’ : एका विशेषणाची कुळकथा

ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं खटाव तालुक्यांतील वडूज येथें परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखालीं मामलेदार कचेरीवर मोर्चा चालून गेला. पोलिसांनीं गोळी चालविली आणि घार्ग्यांसह नऊ जणांनीं देह ठेविला. हा मोर्चा ज्या चळवळींतला, तिचें इंग्रजी नांव ‘क्विट इंडिया मूव्हमेंट’. ‘क्विट इंडिया’ हें मुळांत आज्ञार्थी वाक्य. परंतु चळवळ, ठराव अशा नामांपूर्वीं येऊन बसतांच त्याचें सामासिक विशेषण झालें. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर तो ठराव संमत झाला होता. घोषणेचें जनकत्व बहुधा यूसुफ मेहेरअल्ली यांजकडे दिलें जातें.

त्यांतील ‘क्विट’ या शब्दाचें कूळ मोठें मौजेचें आहे. लॅटिन ‘क्विएटस’ म्हणजे निवांत. जुन्या फ्रेंचांतून तो इंग्रजींत आला, तेव्हां त्याचा अर्थ ‘ऋणांतून वा बंधनांतून मोकळा’ असा होता. शांत या अर्थाचा ‘क्वाएट’ हा त्याचा सख्खा भाऊ! सोडून जाणें हा अर्थ मागाहून आला. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरांत तर हा शब्द केव्हांच येऊन बसला होता : इनाम जमिनीवरील जुडीला साहेब ‘क्विट-रेंट’ म्हणे, म्हणजे जें भरलें असतां इतर सेवा-चाकरींतून सुटका होते, तें देणें. ज्या कचेऱ्यांतून ही जुडी वसूल होई, त्याच कचेऱ्यांपुढें १९४२ सालीं लोक तोच शब्द निराळ्या अर्थानें घेऊन उभे राहिले.

अर्थात् त्यांच्या मुखीं ‘क्विट’ नव्हता, ‘चले जाव’ होतें. मराठी वळण ‘चालते व्हा’ असें. पण त्याला घरांतल्या रागावण्याचा वास येतो. हिंदी रूपच तसेंच्या तसें रुळलें, आणि ‘चले जाव चळवळ’ म्हणतांना तें परकें आहे याची आठवणही कोणास राहिली नाहीं.

पुढें १९४३ पासून नाना पाटलांच्या साताऱ्यांत ‘प्रतिसरकार’ उभें राहिलें. लोकांच्या जिभेवर ‘प्रति’ची ‘पत्री’ झाली. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. तीच फितुरांच्या पायांत ठोकतात, अशी कथा रूढ झाली. शिक्षा वस्तुतः तळपायांवर काठीच्या माराची असे. पण त्या कथेचा दरारा काठीहून मोठा होता.

वडूजच्या नऊ जणांच्या कानीं हा दुसरा शब्द पडलाच नाहीं.