जखमेचा संकोच व मनाचा संकोच

इतिहासकार राजांच्या लढाया व तह यांची नोंद मोठ्या निष्ठेनें करितात. त्यांच्या देहधर्माविषयीं मात्र ते बहुधा मौन धरितात. तथापि एका लहानशा ग्रंथीनें मोठमोठ्या राजकारणास अडथळा केल्याचे दाखले दूरचे नाहींत. १९६३ च्या ऑगस्टांत तारापूरच्या अणुविद्युत्केंद्रासाठीं भारत व अमेरिका यांच्यांत करार झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांच्यावर प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली, आणि रुग्णशय्येवरूनच त्यांनीं अधिकारत्यागाचा निश्चय जाहीर केला. ती ग्रंथि नुसती वाढलेली होती, घातक नव्हती. मॅकमिलन पुढें १९८६ पर्यंत जगले. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर १९६४ च्या एप्रिलांत हीच शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे जयप्रकाश नारायण १९७४ सालीं, बिहारचें आंदोलन ऐन भरांत असतां, याच कारणानें वेल्लोरच्या रुग्णालयांत गेले. तेथून परतल्यावर ५ जून रोजीं त्यांनीं पाटण्यास संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

ही ग्रंथि मूत्राशयाच्या मुखाशीं, मूत्रमार्गास वेढून असते. तारुण्यांत ती अक्रोडाएवढी असते. उतारवयांत बहुतेक पुरुषांत ती वाढूं लागते व मार्ग चेपते. मग धार बारीक होते, रात्रीं वारंवार उठावें लागतें, आणि एखादे दिवशीं लघवी अजिबात अडते. हा आजार नवा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचें वर्णन, म्हणजे मूत्राशय व मलमार्ग यांच्यामध्यें उठलेली कठीण, अचल गांठ, वाचतांना याच व्याधीची आठवण होते.

शतकानुशतकें यावर नळी घालून लघवी काढण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. १८७५ पासून सुमारें वीस वर्षें हिंदुस्थानांत सरकारी वैद्यकीय नोकरी केलेला आयरिश शस्त्रवैद्य पीटर फ्रेयर हा मुतखडे पोट न चिरतां, मूत्रमार्गांतूनच फोडून काढण्यांत निष्णात होता. परंतु त्याची कीर्ति झाली ती चिरण्यामुळेंच. १९०० च्या अखेरीस लंडनमध्यें त्यानें ओटीपोट व मूत्राशय उघडून बोटानें ग्रंथि कोरून काढली, आणि १९०१ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या फुलरनें ही रीत त्याच्या अगोदर वापरली होती. नांव मात्र फ्रेयरचें झालें. १९४५ सालीं मिलिन यानें मूत्राशय न उघडतां ग्रंथीपर्यंत पोंचण्याची वाट दाखविली. पोट मात्र चिरावेंच लागे.

दुसरीकडे १८७७ सालीं निट्झे यानें मूत्राशयांत पाहण्याची दुर्बीण सिद्ध केली होती. त्या वाटेनें जाऊन १९२६ सालीं स्टर्न व पुढें लवकरच मॅकार्थी यांनीं विजेच्या तारेनें ग्रंथि आंतूनच खरडण्याचें यंत्र घडविलें. बाहेर जखम उरली नाहीं. आजहि नव्या रीतींची तुलना याच शस्त्रक्रियेशीं करितात. तिच्यानंतर वीर्य बहुधा बाहेर न पडतां मूत्राशयांत जातें, ही तिची ठळक उणीव होय.

या उणिवेवर व भूल सोसण्याच्या प्रश्नावर पुढील पिढीनें विचार केला. १९९० नंतरच्या दशकांत न्यूझीलंडच्या गिलिंग यांनीं हॉल्मियम लेसरनें मोठी ग्रंथिहि आंतल्या आंत सोलून काढण्याची रीत रूढ केली. २०१३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या युरोलिफ्टमध्यें कांहींच कापीत नाहींत. ग्रंथीचे दोन्ही भाग बारीक टांक्यांनीं बाजूस ओढून ठेवितात. २०१५ सालीं मान्य झालेल्या रेझूममध्यें पाण्याच्या वाफेनें वाढलेला भाग निर्जीव करितात. त्यानंतर कांहीं दिवस नळी ठेवावी लागते, व गुण यावयास आठवडे लागतात. ब्राझीलच्या कार्नेव्हाले यांनीं रूढ केलेल्या रीतींत मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनींतून सूक्ष्म नळी नेऊन ग्रंथीचा रक्तपुरवठाच तोडतात. टांक्यांच्या व वाफेच्या रीतींनंतर वैवाहिक जीवनास बहुधा बाधा येत नाहीं. उलट त्यांचा गुण जुन्या शस्त्रक्रियेपेक्षां कमी असतो, कित्येकांस पुन्हां उपचार घ्यावे लागतात, आणि फार मोठ्या ग्रंथीस त्या सोयीच्या नाहींत. पुष्कळांचें तर गोळ्यांवरच भागतें.

अशा रीतीनें सव्वाशें वर्षांत जखमेचा संकोच होत गेला. मनाचा संकोच मात्र जेथल्या तेथेंच आहे. तारापूरचें केंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. बोईसरच्या आसमंतांत कारखाने वसले. तेव्हां पंचविशींत असलेला कामगार आज ऐंशीच्या पुढें आहे, आणि त्याच्या मागून आलेले साठी-सत्तरींत आहेत. २०१३ पासून विरारपुढें डहाणूपर्यंत लोकल धावूं लागल्या. परंतु त्यांच्या डब्यांत शौचालय नसतें, आणि बोईसर-चर्चगेट हा दोन तासांहून अधिक प्रवास आहे. म्हणून पालघर-बोईसरकडील वृद्ध गृहस्थ पाणी पिणें सोडतो, लग्नकार्यास जाणें टाळतो, मुलाच्या घरीं मुंबईस जाणें लांबणीवर टाकतो, आणि विचारल्यास 'वय झालें' एवढेंच म्हणतो. सुनेपुढें वा मुलापुढें ही गोष्ट काढणें त्यास लाजिरवाणें वाटतें.

या मौनाची किंमत मोठी आहे. दीर्घकाळ अडथळा सोसणारा मूत्राशय अखेर थकतो, त्यांत खडे होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि मग वाफेचा वा टांक्यांचा सौम्य उपाय उपयोगी न पडतां मोठी शस्त्रक्रियाच वांट्यास येते. सर्दीच्या कांहीं गोळ्यांनींहि एकाएकीं लघवी तुंबते. लघवींतून रक्त गेल्यास किंवा ती अजिबात अडल्यास एक दिवसहि थांबूं नये. आणि ही वाढ बहुधा कर्करोग नसली तरी त्याची खात्री वैद्याकडूनच करून घ्यावी.

मॅकमिलन पंतप्रधान होते, म्हणून त्यांचें दुखणें जगास कळलें. आपल्या घरांतील वडील माणसाचें दुखणें कळण्यास वर्तमानपत्र येत नाहीं. त्यासाठीं घरच्यांनींच रात्रीं दिवा किती वेळां लागतो याकडे लक्ष द्यावें, आणि मुलानें आपण होऊन विचारावें. शास्त्रज्ञांनीं आपला वांटा उचलला आहे; उरलेला वांटा घरांतील बोलण्याचा आहे.