कोरडा प्लग आणि ओला प्लग

रस्त्यांत मोटरसायकल एकाएकीं बंद पडली म्हणजे जाणता कारागीर प्रथम प्लग काढून पाहतो. प्लग कोरडा असेल तर इंजिनास पेट्रोल पोंचत नाहीं. टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक बुजलें असेल, किंवा नळींत अथवा जेटमध्यें कचरा अडकला असेल. उलट प्लग ओला व काजळलेला असेल तर पेट्रोल वाजवीपेक्षां अधिक येत आहे. दोन्ही प्रसंगीं वरून दिसणारें लक्षण एकच, इंजिन बंद. कारणें मात्र परस्परविरुद्ध असतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केल्यास अपायच होतो. १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांत ह्याच भेदावर कित्येक तरुण वैमानिकांचे प्राण अवलंबून होते. आणि त्या दोषास आवर घालणाऱ्या इंजिनियर बाई मोटरसायकलच्या शर्यतींत नांव मिळविलेल्या होत्या.

डाइम्लर व मायबाख ह्या जर्मन यंत्रज्ञांनीं १८८५ सालीं पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली, आणि १८९३ सालीं मायबाखनें पेट्रोलचा सूक्ष्म फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्यांतील मर्माचा भाग म्हणजे फ्लोट. एका लहानशा भांड्यांत पेट्रोल सांठतें व त्यावर पोकळ फ्लोट तरंगतो. पातळी चढली कीं फ्लोट वर येतो व त्याची सुई पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली कीं वाट पुन्हां उघडते. ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: पेट्रोल नेहमीं भांड्याच्या तळाशींच राहील. रस्त्यावरच्या वाहनांत हें गृहीत सहसा चुकत नाहीं. विमानांत तें चुकलें.

ब्रिटिश वायुदलाच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचें मर्लिन इंजिन होतें, आणि त्याचा कार्ब्युरेटर फ्लोटचाच होता. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ विमानांत मात्र पंपानें पेट्रोल थेट सिलिंडरमध्यें सोडण्याची योजना होती. त्यामुळें जर्मन वैमानिक संकटांत सांपडला कीं विमानाचें नाक झटकन खालीं दाबून निसटे. ब्रिटिश वैमानिकानें तसेंच केलें तर त्याचें इंजिन अडखळे आणि काळा धूर सोडून गप्प होई. म्हणून त्यास आधीं विमान पालथें करून मग सूर मारावा लागे. तेवढ्या क्षणांत शत्रु दूर जाई. शत्रु पाठीमागें असला तर प्रसंग प्राणावरच येई.

हा प्रश्न फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट ह्या सरकारी संशोधनसंस्थेंत बिअट्रिस शिलिंग ह्यांनीं हातीं घेतला. १९०९ सालीं एका खाटकाच्या घरीं जन्मलेल्या ह्या मुलीनें चौदाव्या वर्षीं मोटरसायकल घेतली व ती स्वतः खोलून जोडली. पुढें मँचेस्टर विद्यापीठाची इंजिनियरिंगची पदवी मिळवून १९३६ सालीं त्या फार्नबरोस रुजू झाल्या. तत्पूर्वीं, १९३४ सालीं, ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर नॉर्टन मोटरसायकलवरून ताशीं १०६ मैल वेगानें फेरी मारून त्यांनीं सुवर्णतारा पटकाविला होता.

प्रथमदर्शनीं वाटे कीं इंजिन उपाशी राहतें. तें अर्धेंच सत्य होतें. नाक खालीं दाबतांच पेट्रोल भांड्याच्या छताकडे फेंकलें जाई व जेट उघडे पडत. इंजिन क्षणभर अडखळे तें ह्यामुळें. परंतु खरा घात पुढेंच होता. फ्लोट उलट्या बाजूस गेल्यानें सुईची वाट सताड उघडी राही, पंप पूर्ण जोरानें पेट्रोल लोटी, आणि भांडें तुडुंब भरून इंजिन अक्षरशः बुडे. काळा धूर ही त्याचीच साक्ष होती. कारागिराच्या भाषेंत सांगावयाचें तर प्लग क्षणभर कोरडा पडे, पण इंजिन मरे तें ओल्या प्लगानें.

निदान झाल्यावर उपाय सोपा ठरला. बाईंनीं पेट्रोलच्या नळींत बसविण्यासाठीं, मधोमध मोजून छिद्र पाडलेली पितळेची एक टोपी तयार केली; पुढें तिच्या जागीं साधी चपटी चकती आली. इंजिनास पूर्ण शक्तीवर जितकें पेट्रोल लागे तितकेंच त्या छिद्रांतून जाई, अधिक नाहीं. ती बसविण्यास विमान कामावरून काढावें लागत नसे. मार्च १९४१ पर्यंत हें काम सुरू झालें, आणि बाई स्वतः आपल्या जुन्या नॉर्टनवरून विमानतळोतळीं फिरून तें पाहूं लागल्या. वैमानिकांनीं त्या छिद्रास ‘मिस शिलिंगचें छिद्र’ असें नांव दिलें.

हा उपाय पुरा नव्हता. क्षणभराचा अडखळा राहिलाच, व विमान फार वेळ पालथें ठेवतां येत नसे. १९४३ मध्यें दाबावर चालणारा बेंडिक्स-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आला, तेव्हां तो दोष मुळांतून गेला. तोंवरचे दिवस मात्र त्या चकतीनें निभावून नेले.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणनियमांमुळें नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर बहुतांशीं गेला. जुन्या गाड्यांत तो अजून आहे. त्यांतली एखादी बंद पडली कीं टाकी हलवून किक मारीत बसण्यापेक्षां प्लग काढून तो कोरडा आहे कीं ओला हें आधीं पाहावें. बाईंचा विजय चकतीचा खरा, पण त्याआधीं तो ह्या पाहण्याचा होता.