मास्टर रामचंद्रांचा तास



“मुलगा कॉलेजात जातो, पण तासाला बसत नाही,” ही तक्रार आपल्या मोहल्ल्यांतून नेहमी ऐकू येते. मुलगा म्हणतो, कंटाळा येतो. वडील म्हणतात, आळशी आहे. या भांडणात शिकवणारा मात्र नामानिराळा राहतो. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून त्याच्याविषयी बोलणे मला भाग आहे. त्यासाठी आपण १८४४ सालच्या दिल्लीत जाऊ या.

अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीन मदरशात १८२५ साली दिल्ली कॉलेज सुरू झाले. त्याच्या दोन शाखा होत्या. एक इंग्रजी आणि दुसरी अरबी, फारसी, संस्कृत शिकविणारी प्राच्य शाखा. या दुसऱ्या शाखेत पाश्चात्त्य विज्ञान आणि गणित उर्दूतून शिकवीत. त्यासाठी पुस्तकांची भाषांतरे तिथेच होत. १८४४ साली हे काम ज्या तरुणाकडे आले, त्याचे वय २३ वर्षांचे होते. मास्टर रामचंद्र, जन्म पानिपतचा, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. गणिताचा अभ्यास त्यांनी बराचसा घरी, आपल्याआपणच केला होता.

त्यांच्या वर्गात पुढे मुन्शी म्हणून प्रसिद्ध पावलेले जकाउल्ला हे विद्यार्थी होते. या कॉलेजातील विज्ञानाच्या व्याख्यानांची आठवण त्यांनी म्हातारपणी सी. एफ. अँड्र्यूज यांना सांगितली आणि अँड्र्यूज यांनी ती जकाउल्लांच्या १९२९ सालच्या चरित्रात नोंदविली. व्याख्यान संपले की मुले टिपणे पुन्हा पुन्हा वाचीत आणि एकाची वही अनेक हातांनी उतरवून घेतली जाई. वायूंचे प्रयोग त्यांना स्वतः करायला मिळत. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे हे जुने मत दोन्ही शाखांतली वरच्या वर्गांतली मुले हसण्यावारी नेऊ लागली. शहरातील काही विद्वानांना हे रुचले नाही, हेही खरे. (आजचा विद्यार्थीही टिपणे जमा करतो, पण परीक्षेच्या आदल्या रात्री. हाही वह्यांचा प्रवासच, पण निराळा!)

हा उत्साह आला कुठून? टेबलावर मुठी आपटून किंवा विनोद सांगून वर्ग जागा ठेवणारे शिक्षक आपण पाहिले आहेत. तो जागेपणा घंटेबरोबर संपतो. मास्टर रामचंद्रांची गोष्ट वेगळी होती. ते स्वतः एका प्रश्नात गुंतले होते. एखाद्या राशीची सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान किंमत काढायला कलनशास्त्र लागते, असा समज होता. ते केवळ बीजगणिताने साधता येईल काय, हा तो प्रश्न. आपल्या देशात बीजगणिताची परंपरा जुनी, तेव्हा आपल्या मुलांना हा मार्ग जवळचा वाटेल, असा त्यांचा हिशेब. १८५० साली त्यांनी कलकत्त्यास पदरमोड करून यावर पुस्तक छापले. तिथल्या टीकाकारांनी त्याची संभावना कठोरपणे केली. पण एक प्रत लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडे पोचली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १८५९ साली ते तिकडे पुन्हा निघाले.

आता विचार करा. जो गृहस्थ रात्री घरी हेच कोडे सोडवीत बसतो, तो सकाळी फळ्यापुढे उभा राहिला की मुलांना वेगळे काही दिसते. शिवाय तो बोलत होता ते मुलांच्या घरच्या भाषेत. उत्साह असला आणि भाषाच कळली नाही, तर मुले जांभया देणारच. दोष मुलांच्या माथी मारण्याआधी शिक्षकाने स्वतःला विचारावे, या विषयात गेल्या वर्षभरात मी नवे काय वाचले?

१८५२ साली रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा शहरात खळबळ उडाली आणि काही पालकांनी मुले काढून घेतली. १८५७ च्या उठावात कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले. प्राचार्य टेलर मारले गेले. १८६४ साली कॉलेज पुन्हा उघडले, पण १८७७ साली तेही बंद झाले.

जकाउल्ला अखेरपर्यंत श्रद्धावान मुसलमान राहिले. अलाहाबादच्या म्योर सेंट्रल कॉलेजात त्यांनी शिकविले आणि उर्दूत शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतील कितीतरी गणिताची. अँड्र्यूज यांच्यापाशी ते त्या वर्गाविषयी बोलत, तेव्हा मास्टर रामचंद्रांना जाऊन पंचवीसएक वर्षे झाली होती.