गाणे कोणाच्या दारी?



संगीतशास्त्राचा मी जाणकार नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा रागदारीतले बारकावे मजकडून कोणी अपेक्षू नयेत. माझा प्रश्न साधा आहे. थोर गवई आपला गळा घेऊन कोणाच्या दारी गेला, आणि त्याच्या मागे काय उरले? तीन निरनिराळ्या गायनप्रकारांतल्या तीन माणसांच्या चरित्रांतून मी याचे उत्तर शोधीत आलो आहे.

पहिले विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा थांबली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. मिरजेतल्या एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले, गुरूला मात्र आले नाही. कारण विचारता 'ते तर गवई' अशा अर्थाचे उत्तर मिळाले, अशी आठवण सांगितली जाते. पंक्तीला न बसविता नुसते गाऊन घ्यावयाचे, ही गवयाची त्या काळची पायरी होती. 1896 साली बुवांनी मिरज सोडली. राजाश्रयाची नोकरी न धरता तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर गाण्याची शाळा चालविणे हे मोठेच धाडस होते. 1908 साली मुंबईस विद्यालय निघाले. तेथे इमारत बांधली, कर्ज झाले, आणि त्या कर्जापायी इमारत लिलावात गेली. 1931 साली बुवा वारले. पण त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, आणि आजही लहान लहान गावांतली मुलेमुली त्याच्या परीक्षांना बसतात. इमारत गेली, शाळा राहिली. एक उणे मात्र सांगितलेच पाहिजे. गाणे पांढरपेशांच्या घरात आले, पण ज्या कलावंतिणींनी पिढ्यान् पिढ्या ते जतन केले होते, त्यांना या नव्या प्रतिष्ठेत जागा मिळाली नाही. एक दार उघडले, त्याच वेळी दुसरे लोटले गेले.

दुसरा माणूस सातासमुद्रापलीकडचा : पॉल रॉबसन, जन्म 1898. बाप गुलामगिरीतून पळून सुटलेला, पुढे धर्मोपदेशक झालेला. मुलगा वकिली शिकला, पण काळ्या माणसाला त्या धंद्यात मान नाही हे पाहून नाटक व गाणे यांकडे वळला. गुलामांची भक्तिगीते त्याने मोठमोठ्या सभागृहांत गाइली. वेल्समधल्या खाणकामगारांशी त्याचे नाते 1929 च्या सुमारास जडले, ते जन्मभर टिकले. 1949 साली पीकस्किल येथे त्याचा कार्यक्रम दंगलखोरांनी उधळला. आठवड्याभराने तो पुन्हा झाला, तेव्हा युनियनच्या माणसांनी कडे करून पहारा दिला. परतणाऱ्या श्रोत्यांच्या मोटारींवर मात्र दगडफेक झालीच. 1950 साली अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. मग 1952 साली खाणकामगारांच्या युनियनच्या पुढाकाराने तो कॅनडाच्या सरहद्दीवर आला, आपल्या देशाच्या बाजूस एका ट्रकवर उभा राहिला, आणि दोन्ही बाजूंच्या हजारो लोकांनी त्याचे गाणे ऐकले. 1957 साली वेल्सच्या खाणकामगारांच्या मेळाव्यासाठी तो टेलिफोनवरून गायिला. 1958 साली त्याची साठी आपल्या देशातही साजरी झाली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला होते, आणि पंडित नेहरूंचा तिला पाठिंबा होता. त्याच वर्षी पासपोर्ट परत मिळाला. तोवर उमेदीची आठ वर्षे गेली होती.

तिसरा आपला, बार्शीचा. महबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, जन्म 1916. मोटारीवरचा क्लीनर, गिरणीतला कामगार, अशी कामे करीत हा माणूस चळवळीत आला. 1944 साली अण्णाभाऊ साठे व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्याला ना सभागृह लागे, ना पडदा. गिरणीचा दरवाजा, चाळीचे पटांगण, गावचा पार, एवढे पुरे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेला माणूस भाषणासाठी जितका येई, तितकाच या शाहिरांसाठी येई. 1 मे 1960 रोजी राज्य झाले. 18 जुलै 1969 रोजी अण्णाभाऊ गेले, आणि 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. त्यांच्यामागे ना विद्यालय राहिले, ना परीक्षा. जे राहिले ते लोकांच्या तोंडी राहिले. आणि लोक गाईनासे झाले की तोंडचा ऐवज विरून जातो.

येथे माझी एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती. गेट-मीटिंगला एक वयस्क कामगार पिशवीतून डफ घेऊन आला. म्हणाला, "दादा, आधी एक पोवाडा होऊ द्या." मी म्हणालो, "काका, आज वेळ नाही, वक्ते चार आहेत." त्यांनी डफ पुन्हा पिशवीत ठेवला. भाषणे दोन तास चालली, माझे सर्वांत लांबले. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसे आली. काका आले, पण हात मोकळे. पुढे ते वारले. त्यांना किती पोवाडे पाठ होते, हे मी कधी विचारले नाही.

या तिघांची चरित्रे मी त्यानंतर वाचावयास घेतली. बुवांनी आपली विद्या संस्थेच्या हवाली केली, म्हणून ती टिकली. रॉबसनला कामगारांनी कडे करून जपले, म्हणून त्याचा आवाज कोंडला गेला नाही. शाहिरांना आपण काय दिले? जयंतीला हार घातला, ध्वनिक्षेपकावर मुद्रिका लावली, आणि मंडळी चहाला गेली.

म्हणून एवढीच विनंती. आपापल्या गल्लीत, गिरणगावातल्या जुन्या खोल्यांत, गावच्या घरी कोणी जुना गाणारा असेल, तर या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाऊन बसावे, त्याचे गाणे लिहून घ्यावे आणि एखाद्या पोरास शिकवावे. आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी आता डफ वाजतो. शिकणारी मुले पाच आहेत. शिकविणारा अजून हवा आहे.